आधी षष्ठी, मग लॅटिन

गेल्या प्रायश्चित्तकाळात दिव्याला एका घरी समूहप्रार्थना होती. चौथा मजला, दोन खोल्यांचे घर आणि दाटीवाटीने बसलेली वीस-पंचवीस माणसे. कोणी दिवा-वसई गाडीच्या सोयीने येथे येऊन राहिलेले वसईकर, कोणी सावंतवाडीकडचे, कोणी ठाण्याच्या जुन्या ईस्ट इंडियन घराण्यातले. प्रार्थना आटोपली, चहा आला आणि घरच्या सहावीतल्या मुलाने भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवून आम्हांला विचारले, "फादर, येशूच्या डोक्यावरच्या पाटीवर आय, एन, आर, आय असे का लिहिले आहे?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच आजी म्हणाल्या, "अरे, ते देवाचे नाव आहे." वडील म्हणाले, "लॅटिन आहे ते." धर्मशिक्षण शिकवणाऱ्या एका बाईंनी बरोबर उत्तर दिले: "येशू नाझरेथकर, यहुद्यांचा राजा." मुलगा बोटांवर मोजू लागला. येशू एक, नाझरेथकर दोन, राजा तीन, यहुदी चार. मग त्याने मान वर करून विचारले, "पण यात 'चा' कुठे आहे?"

कोणी काही बोलेना. पंचवीस प्रौढ माणसे जन्मभर ज्या पाटीखाली गुडघे टेकत आली, तिच्यातला 'चा' कुठे आहे हे त्यांतील एकालाही सांगता आले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. 'चा' त्या शेवटच्या 'आय'मध्येच आहे, असे आम्ही मुलाला सांगितले. ते अक्षर 'युदेओरुम' या शब्दाचे आहे, आणि त्या शब्दाचा 'ओरुम' हा शेवट म्हणजेच आपला 'यांचा'. मुलाचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही, कारण त्याच बैठकीत पुढे जो वाद उद्भवला, त्याचे मूळ आम्हांला याच अज्ञानात दिसले.

वाद होता धर्मग्रामाच्या सणाचा. काही मंडळींचे म्हणणे असे की, यंदा सणाची मिस्सा लॅटिन गायनाने व्हावी. आजोबा-पणजोबांच्या काळचा तो भारदस्तपणा आताच्या गिटारच्या गाण्यांत उरला नाही. दुसऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, लॅटिन मेली, तिला साठ वर्षांपूर्वी मूठमाती मिळाली. आमच्या मुलांना मराठी धड वाचता येत नाही, तेथे हे नवे खूळ कशाला? दोन्ही पक्षांनी आमचा कौल मागितला. तो त्या दिवशी आम्ही दिला नाही. तो या लेखात देत आहोत, आणि दोन्ही पक्षांचा राग ओढवून घेण्याची आमची तयारी आहे.

आमचा कौल असा: ज्यांना लॅटिन गायचे आहे त्यांनी आधी लॅटिनची षष्ठी विभक्ती शिकावी, ती शिकण्याची तयारी नसेल तर गाऊ नये. आणि ज्यांना लॅटिन नकोच आहे त्यांनीही ती शिकावी, कारण त्यांच्या मराठी प्रार्थनेचे हित तिच्यात आहे.

षष्ठीच का? बाकीच्या विभक्ती काय पाप करून बसल्या? याचे उत्तर प्रत्येक कॅथलिक माणूस दिवसातून किमान दोनदा स्वतःच्या कपाळापासून छातीपर्यंत रेखत असतो. क्रुसाची खूण करताना आपण म्हणतो ती 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या' नावाने. तीन षष्ठ्या आणि एक नाव. लॅटिनमध्ये त्या तीन षष्ठ्या 'पात्रिस', 'फिलिई' आणि 'स्पिरितूस' अशा तीन निरनिराळ्या घडणीच्या आहेत, पण तिघी मिळून ज्या शब्दाला धरून आहेत तो 'नोमिने' हा शब्द एकवचनी आहे. नावे तीन नाहीत. नाव एकच आहे. त्रैक्याचा धडा मुलांना शिकवताना आम्ही त्रिदळी पानाचे दाखले देत बसतो, आणि धडा तर व्याकरणातच मांडून ठेवलेला असतो.

षष्ठी 'कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर देते, आणि आपला धर्म पदोपदी हाच प्रश्न विचारतो. कोकरू कोणाचे? देवाचे: 'आन्युस देई'. शरीर कोणाचे? ख्रिस्ताचे: 'कोर्पुस क्रिस्ती'. वर्ष कोणाचे? प्रभूचे: चर्चच्या कोनशिलांवर कोरलेल्या 'आन्नो डोमिनी' या दोन शब्दांतील दुसरा शब्द षष्ठीच आहे. द्वितीय व्हॅटिकन महासभेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्तसभेविषयीचा जो मुख्य दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याचे नाव 'लूमेन जेन्त्सियुम', म्हणजे राष्ट्रांचा प्रकाश. दस्तऐवज ख्रिस्तसभेविषयी, म्हणून तो प्रकाश म्हणजे आपण, असे अनेक जण समजून चालतात. तो प्रकाश ख्रिस्त आहे, असे महासभेने पहिल्याच वाक्यात सांगितले आहे. आपल्याकडे आहे तो त्याचा उजेड, उसना.

आता या षष्ठीची घडण पाहू. शाळा सोडून ज्यांना वीस-तीस वर्षे झाली आहेत त्यांनी भिऊ नये. मराठी माणसाला यातले निम्मे आधीच येते.

मराठीत आपण शब्दाला 'चा-ची-चे' जोडतो. लॅटिनमध्ये असे वेगळे शेपूट लागत नाही, शब्दाचा शेवटच पालटतो. 'डोमिनुस' म्हणजे प्रभू, 'डोमिनी' म्हणजे प्रभूचा. मराठीत मालक तोच राहिला तरी प्रत्यय वस्तूप्रमाणे वाकतो: देवाचा पुत्र, देवाची आई, देवाचे कोकरू. लॅटिनमध्ये या तिन्ही ठिकाणी 'देई' हे एकच रूप येते. वस्तू बदलली म्हणून मालकाचे रूप बदलत नाही. मात्र 'आमचा' या शब्दाच्या बाबतीत लॅटिन थेट मराठीच्या वाटेने जाते. 'नोस्तेर, नोस्त्रा, नोस्त्रुम' म्हणजे आमचा, आमची, आमचे. वस्तूचे लिंग पाहून तेही आपल्यासारखेच वाकते. हा फरक आणि हे साम्य एकदा फळ्यावर मांडले, तर सहावीतल्या मुलालाही कळते.

लॅटिन शब्दकोश उघडला तर प्रत्येक नामापुढे त्याची षष्ठी छापलेली आढळते. हा निव्वळ रिवाज नव्हे. पहिल्या विभक्तीवरून शब्दाचे खरे रूप कळत नाही, ते षष्ठीत उघडे पडते. 'रेक्स' म्हणजे राजा, पण षष्ठी 'रेजिस'. 'पाक्स' म्हणजे शांती, पण षष्ठी 'पाचिस'. 'कोर्पुस' म्हणजे शरीर, पण षष्ठी 'कोर्पोरिस'. ज्याला षष्ठी ठाऊक नाही त्याला तो शब्द ठाऊकच नाही, असा लॅटिनचा दंडक आहे. मराठी माणसाला यात नवल ते काय? आपणही 'पाणीचा' म्हणत नाही, पाण्याचा म्हणतो. 'देऊळचा' म्हणत नाही, देवळाचा म्हणतो. विंचू असला तरी नांगी विंचवाची असते. याला आपण सामान्यरूप म्हणतो आणि तान्हेपणापासून न शिकता शिकतो. शिवाय लॅटिन नामांची सारी पाच कुळे षष्ठीच्या शेवटावरूनच ओळखतात: ए, ई, इस, ऊस आणि एई. 'रोसे', 'डोमिनी', 'पाचिस', 'स्पिरितूस', 'फिदेई'. पाच शब्द पाठ केले की पाच कुळांची दारे उघडली.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. सेमिनरीत आम्हीही 'रोसा, रोसे' घोकले. पण घोकले ते परीक्षेपुरते. दीक्षा झाल्यावर पुढची किती तरी वर्षे 'मिस्तेरिउम फिदेई' हे शब्द आमच्या तोंडून गेले, आणि त्यातला दुसरा शब्द कोणत्या विभक्तीत आहे हे एकदाही आमच्या मनात आले नाही. धर्मकायद्याचा २४९ वा नियम सांगतो की, धर्मगुरुपदाच्या उमेदवारांना मातृभाषेबरोबर लॅटिनही चांगली अवगत असावी. तो नियम १९८३ सालचा, म्हणजे महासभेनंतरचा आहे. जुन्या काळातला राहून गेलेला नाही. त्या नियमापुढे आमच्या पिढीचे बहुतेक धर्मगुरू नापास ठरतील, आणि त्यांच्या रांगेत आम्ही पहिले. म्हणून हा लेख वरच्या पायरीवरून केलेला उपदेश समजू नये.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, 'कठीण आहे आणि निरुपयोगी आहे.' मराठी मुलाला लॅटिनची षष्ठी इंग्रजीतून शिकवली तर ती कठीण जाईल, हे आम्हांला मान्य आहे. पण ती मराठीतून शिकवून पाहावी. लॅटिनमध्ये दया करणे, आठवणे आणि विसरणे या क्रियापदांना षष्ठी लागते. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्याला हा नियम विचित्र वाटतो आणि तो अपवाद म्हणून पाठ करतो. मराठी माणसाला विचारा. दया येते ती कोणाची? आठवण येते ती कोणाची? विसर पडतो तो कोणाचा? आईची आठवण, गरिबाची दया, घेतलेल्या शपथेचा विसर. आपण तिन्ही ठिकाणी न कळत षष्ठीच वापरतो. पाणिनीनेही स्मरणार्थक धातूंच्या आणि दयेच्या धातूच्या कर्माला षष्ठी सांगितली आहे. रोम आणि गंगाकाठ यांचे हे जुने नाते आहे. एकावन्नाव्या स्तोत्राच्या लॅटिन आरंभीचे 'मिसेरेरे मेई' हे शब्द पश्चात्तापाच्या दिवसांत आपल्या पूर्वजांनी आळवले. त्यातला 'मेई' म्हणजे 'माझी', माझी दया येऊ दे. पुढे चर्चच्या लॅटिनमध्ये याच क्रियापदाला चतुर्थीही जोडू लागले आणि देवाच्या कोकराच्या प्रार्थनेत ती आजही आहे. पण मूळ षष्ठीचा कळवळा मराठी कानाला जसा कळतो तसा इंग्रजी कानाला कळत नाही.

आणखी एक उदाहरण घ्या. नाताळच्या रात्री देवदूतांनी गायिलेल्या गौरवगीतात 'बोने वोलुन्तातिस' असे दोन शब्द येतात. शब्दशः अर्थ, 'चांगल्या इच्छेची' माणसे. ही गुणदर्शक षष्ठी. लॅटिनची अट अशी की, या षष्ठीला विशेषणाची जोड हवी. मराठीची अटही तीच आहे. 'मोठ्या मनाचा माणूस' आपण म्हणतो, 'साध्या स्वभावाची मुलगी' म्हणतो. नुसते 'मनाचा माणूस' म्हटले तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. आता कोणी इंग्रजीवरून भाषांतर करून 'सदिच्छेची माणसे' असे लिहिले, तर ते शब्द वार्षिक शुभेच्छापत्रातल्यासारखे वाटतात. ज्याला लॅटिनची षष्ठी कळते तो 'चांगल्या मनाची माणसे' म्हणेल आणि ते मराठी असेल.

पण प्रश्न येथेच संपत नाही. ती चांगली इच्छा कोणाची? माणसांची की देवाची? लूकच्या ग्रीक शुभवर्तमानाच्या प्राचीन हस्तलिखितांत हा शब्द षष्ठीत आहे, नंतरच्या अनेक हस्तलिखितांत तो प्रथमेत आहे. फरक शेवटच्या एका अक्षराचा. लॅटिन बायबलने षष्ठी धरली. १६११ च्या इंग्रजी बायबलने प्रथमा धरली. आज बहुतेक अभ्यासक षष्ठी मान्य करतात आणि ती कृपादृष्टी देवाची आहे असा अर्थ लावतात. म्हणजे गव्हाणीपाशी मिळालेली शांती ही सज्जनांना दिलेले बक्षीस नव्हे. देवाने ज्यांच्याकडे मायेने पाहिले त्यांना ती मिळाली आहे. एका अक्षरावर केवढा अर्थ तोलला गेला आहे! ज्यांना हे निरुपयोगी वाटते त्यांनी उपयोगी कशाला म्हणावे हे एकदा सांगावे.

अर्थात षष्ठीने माणसे जोडली तशी तोडण्याच्या कामीही ती सापडली आहे. 'युस्तित्सिया देई', देवाचे न्यायीपण, हे पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील शब्द. हे न्यायीपण देवाच्या अंगचे, ज्याने तो पाप्याला शासन करतो ते? की देवाकडून आलेले, ज्याने तो पाप्याला नीतिमान ठरवतो ते? दोन्ही अर्थ त्या षष्ठीत बसतात. मार्टिन ल्यूथरने १५४५ साली आपल्या लॅटिन ग्रंथसंग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे की, पहिल्या अर्थाने त्याला या शब्दांचा तिटकारा वाटे, आणि दुसरा अर्थ उमगला तेव्हा स्वर्गाचे दार उघडल्यासारखे झाले. हा दुसरा अर्थ संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या आरंभीच सांगून ठेवला होता. आणि १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या महासभेनेही हेच शिकवले: ज्या न्यायीपणाने आपण नीतिमान होतो ते देव स्वतः ज्याने न्यायी आहे ते नव्हे, तर ज्याने तो आपल्याला न्यायी करतो ते आहे. षष्ठीच्या अर्थावर दोन्ही बाजू इतक्या जवळ असताना युरोपात पुढे शंभर वर्षे रक्त सांडले. त्याला सत्तेची आणि अहंकाराची कारणेही होती, हे आम्ही नाकारत नाही. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन विश्वसंघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा याच जुन्या प्रश्नाची मूलभूत सत्ये दोघांनी मिळून मान्य केली. कामावर, लोकलमध्ये, शेजारच्या घरात आपल्याला प्रोटेस्टंट बांधव रोज भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी ही एक षष्ठी समजून घेतली तर निम्मा वाद उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्या सुशिक्षित तरुणांकडून येतो: 'लॅटिन परक्यांची आहे, ती राज्यकर्त्यांबरोबर आली, तिने आमच्या भाषा दडपल्या.' या आक्षेपात सत्याचा अंश आहे आणि तो आम्ही झाकणार नाही. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी स्वभाषा टाकून पोर्तुगीज धरावी असा हुकूम काढला होता. पण हुकूम पोर्तुगीजसाठी होता, लॅटिनसाठी नव्हे. लॅटिनच्या तालमीत वाढलेल्या माणसांनी काय केले तेही पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. जन्माने इंग्रज, शिक्षणाने लॅटिनचे. त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यांनीच कोकणीचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोललाच छापले गेले. त्या व्याकरणाची चौकट लॅटिनची होती. ती चौकट आपल्या भाषेला कोठे कोठे आवळ झाली, हे मान्य. पण 'कोणाचा?' हा प्रश्न परक्या भाषेत नीट विचारायला शिकलेला माणूसच आपल्या भाषेत तो प्रश्न इतक्या आदराने विचारू शकला. लॅटिन शिकल्याने स्टीफन्स मराठीला पारखे झाले नाहीत, उलट मराठीचे झाले. ही षष्ठी आम्ही जाणूनबुजून वापरतो.

आणि येथेच आमच्या वादाचा गाभा आहे. लॅटिन नको म्हणणारे असे समजतात की, लॅटिन गेली की मराठी येईल. घडले ते वेगळेच. लॅटिन गेली आणि तिच्या जागी इंग्रजी बसली. मिस्सा-ग्रंथाची प्रमाण प्रत आजही लॅटिनमध्ये निघते आणि प्रत्येक भाषेतील भाषांतर तिच्याशी ताडून पाहायचे असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली 'माग्नुम प्रिंचिपियुम' या पत्राने भाषांतराची जबाबदारी अधिक प्रमाणात त्या त्या देशांतील बिशप परिषदांकडे सोपवली. म्हणजे आता रोमकडे बोट दाखवण्याची सोय राहिली नाही. आमच्या प्रार्थनेच्या मराठीचे उत्तरदायित्व आमच्याकडे आले. पण मराठीत विचार करणारा आणि लॅटिन थेट वाचणारा माणूस पुढच्या पिढीत असणार आहे का? नसेल तर आम्ही इंग्रजी प्रत समोर ठेवून भाषांतर करणार, म्हणजे सावलीची सावली. इंग्रजीतला एक लहानसा शब्द साऱ्या षष्ठ्या एकाच टोपलीत भरतो. त्या टोपलीतून आम्ही 'चा' काढून जागोजागी चिकटवणार. मग मुले म्हणणार, मराठी प्रार्थना कृत्रिम वाटते, इंग्रजी मिस्सा बरी. ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या किती मराठी कॅथलिक घरांत आज हे वाक्य ऐकू येते, ते आपापल्या मनाला विचारावे.

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात 'कोम्मुनियो सांक्तोरुम' असे शब्द आहेत. मराठीत आपण संतांचा समागम म्हणतो. पण 'सांक्तोरुम' ही षष्ठी पवित्र व्यक्तींचीही असू शकते आणि पवित्र वस्तूंचीही. लॅटिनमध्ये दोहोंचे रूप एक. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या ९४८ व्या परिच्छेदात दोन्ही अर्थ सांगितले आहेत: पवित्र दानांतला सहभाग आणि पवित्र जनांमधला सहभाग. आधी एका वेदीवरची एकच भाकर, आणि म्हणून मग एकमेकांशी नाते. मराठी शब्दाने यातला एकच अर्थ घेतला. तो घ्यावाच लागला, भाषांतराला पर्याय नसतो. पण जे सुटले ते काय सुटले, हे तरी कोणाला माहीत असावे की नाही?

आता वळू लॅटिनच्या भक्तांकडे. त्यांचा उत्साह आम्हांला प्रिय आहे, पण त्यांनी आमचे कटू शब्द ऐकावेत. महासभेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लॅटिन राखावी असे म्हटले, लोकभाषांना अधिक वाव द्यावा असेही म्हटले, आणि चोपन्नाव्या कलमात अशी अपेक्षा व्यक्त केली की, भाविकांना आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता किंवा गाता यावेत. तुम्ही हे कलम आम्हांला दाखवता. बरोबर दाखवता. पण त्याच दस्तऐवजाचा सारा रोख भाविकांच्या जाणत्या सहभागावर आहे. न कळता गायिलेली लॅटिन हा सहभाग नव्हे, तो कानांचा थाट आहे. मंत्र जितका अगम्य तितका प्रभावी, ही समजूत ख्रिस्ती नाही. शब्दाने देह धारण केला तो कळावा म्हणून. जुन्या विधीच्या मिस्सेविषयी २००७ साली एक परवानगी आली, २०२१ साली तिला मर्यादा पडल्या. त्या वादात आम्ही शिरत नाही, कारण आमच्या सणाच्या गायनाशी त्याचा संबंध नाही. आमचा प्रश्न साधा आहे: 'आन्युस देई' गाताना कोकरू कोणाचे, हे गाणाऱ्या प्रत्येकाला त्या शब्दात दिसते का? दिसत असेल तर खुशाल गा. आम्हीही तुमच्या सुरात सूर मिसळू.

आणखी एक गोष्ट भक्तांच्या कानावर घातली पाहिजे. लॅटिन म्हणजे सारी ख्रिस्तसभा नव्हे. आपल्या शेजारीच १९८८ साली कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. त्या बांधवांचा वारसा सिरियाक भाषेचा आहे आणि तो आपल्या वारशाइतकाच प्रेषितांपर्यंत पोहोचतो. लॅटिन हा आपल्या घरचा ठेवा आहे, म्हणून तो आपण जपावा. दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी तो बाहेर काढू नये.

टीका पुष्कळ झाली, आता कृती. आम्ही सहा रविवार मागतो. मिस्सेनंतर अर्धा तास, एक फळा आणि खडू. वाचक, गायकवृंद, धर्मशिक्षणाचे शिक्षक आणि ज्याला यावेसे वाटेल तो. पहिल्या रविवारी क्रुसाच्या खुणेतील तीन षष्ठ्या. दुसऱ्या रविवारी क्रुसावरची पाटी आणि कोनशिलेवरचे 'आन्नो डोमिनी'. तिसऱ्या रविवारी 'नोस्तेर' आणि आपला 'आमचा'. चौथ्या रविवारी दया आणि आठवण. पाचव्या रविवारी गौरवगीतातील चांगली इच्छा. सहाव्या रविवारी संतांचा समागम. यात परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. सहा रविवारांत कोणी लॅटिन पंडित होणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण प्रार्थनेतल्या प्रत्येक 'चा'पाशी क्षणभर थांबण्याची सवय लागेल, आणि ती सवय मराठी प्रार्थनेलाही लागेल. त्यानंतर सणाला काय गायचे ते गायकवृंदाने ठरवावे.

जे म्हणतील की दिव्याहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या माणसाला याला वेळ कोठून, त्यांना आमचे एकच सांगणे आहे. त्या माणसाचा सारा दिवस 'कोणाचा' या प्रश्नातच जातो. नोकरी मालकाची, घर बँकेचे, वेळ रेल्वेचा. आठवड्यातून एकदा तरी 'मी कोणाचा?' याचे उत्तर त्याला स्वच्छ शब्दांत ऐकू यावे, यापेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट आम्ही त्याला देऊ शकत नाही.

शेवटी पुन्हा त्या पाटीकडे. योहानने लिहून ठेवले आहे की, पिलाताने ती पाटी इब्री, लॅटिन आणि ग्रीक या तीन भाषांत लावली. मुख्य याजकांनी तक्रार केली. 'यहुद्यांचा राजा' असे लिहू नये, 'मी यहुद्यांचा राजा आहे' असे तो म्हणाला, असे लिहावे अशी त्यांची मागणी होती. म्हणजे ते शब्द केवळ त्याचा दावा म्हणून पाटीवर राहिले तरी त्यांना चालणार होते. तो खरोखरच आमचा राजा, ही कबुली तेवढी त्यांना नको होती. पिलाताने ती षष्ठी जशीच्या तशी ठेवली. दोन हजार वर्षे ती आपल्या भिंतीवर आहे, चौथ्या अक्षरात दडलेली.

दिव्याच्या त्या मुलाला आता ती दिसते. त्याच्या घरातल्या पंचवीस प्रौढांपैकी पहिल्या रविवारी फळ्यासमोर किती येतात, याची आम्ही वाट पाहत आहोत.